रिकार्डोचं गाळलेलं पान

मुलांनो, एक खोली डोळ्यांसमोर आणा. वरच्या मजल्यावरची, लांबट, दोन खिडक्यांची. खाली छापखाना आहे, त्यामुळे मोठं यंत्र चालू असलं की या खोलीतली जमीन तळपायांना गुदगुल्या करते आणि कपाटाची काच बारीक आवाजात कुरकुरत राहते. आज काच गप्प आहे. यंत्रात कागद भरलाय, शाई भरलीय, आणि वरून होकार येईपर्यंत ते थांबलंय. खोलीच्या मधोमध टेबल, टेबलावर पुस्तकाची प्रुफं पसरलेली, आणि भोवती चार मोठी माणसं आणि एक दहा वर्षांची मुलगी. आणलंत सगळं डोळ्यांसमोर? आता त्या चारही मोठ्या माणसांचा राग यायला हवा. थांबा, कशाबद्दल ते आधी सांगतो.

पुस्तक अप्पांचं होतं. अप्पा जन्मभर शाळेत शिकवत आले, आणि मुलांसाठी त्यांनी एकच पुस्तक लिहिलं: संपत्ती कुठून येते, भाव का चढतात, काम करणारे हात रिकामे का बसतात, याचा विचार ज्यांनी केला त्यांच्याबद्दल. ॲडम स्मिथपासून सुरू होऊन ते रिकार्डो, माल्थस, मार्क्स असं करत केन्सपर्यंत यायचं. दर काही वर्षांनी नवी आवृत्ती निघायची आणि तिच्यासाठी घरात बैठक बसायची. थोरला मुलगा छापखाना सांभाळायचा. मधली मुलगी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायची आणि नवी प्रकरणं लिहायची. धाकट्याकडे बाइंडिंग होतं. छापून आलेल्या कागदाच्या घड्या घालायच्या, दोऱ्याने शिवायच्या, खळ लावून पुठ्ठा चढवायचा. त्याच्या हाताखाली बायका होत्या. त्यातल्या काहीजणी तर तो चालायला शिकला त्याच्या आधीपासून तिथे बसत होत्या.

आणि या घरात एक रीत होती. कुठलंही प्रकरण छापण्याआधी घरातल्या सर्वांत लहान वाचत्या मुलाला ते वाचून दाखवायचं. मग मुलाने कागद उलटा ठेवून ते स्वतःच्या शब्दांत परत सांगायचं. सांगता आलं, तर प्रुफाच्या डोक्यावर त्यानेच ‘समजलं’ असं लिहायचं. नाही आलं, तर चूक लिहिणाऱ्याची. थोरला लहान होता तेव्हा मार्क्सवर इतक्या वेळा अडला, की अप्पांना ते सबंध प्रकरण नव्याने लिहावं लागलं. “मार्क्सला माझ्यामुळे चांगलं मराठी आलं,” असं तो पाहुण्यांना अजूनही सांगायचा.

आता हे काम धाकट्याच्या मुलीचं होतं. तिला सगळे टाचणी म्हणत. ती जन्मली त्या दिवशी अप्पा स्मिथचं टाचण्यांच्या कारखान्याचं उदाहरण सुधारत बसले होते, म्हणून. पुढे ती काडीसारखी आणि टोचरी निघाली, तेव्हा नाव बदलायचा प्रश्नच आला नाही.

“रिकार्डो इथेच संपतो?” मधलीने प्रूफ वर न बघता विचारलं.

“संपतो,” थोरला म्हणाला. “माणूस कधीतरी संपतोच.”

“थट्टा नको, दादा. शेवटचं पान कुठाय?”

“फर्म्यात बसत नव्हतं.”

फर्मा म्हणजे एक मोठा कागद. तो दोन्ही बाजूंनी छापून घड्या घातल्या की सोळा पानं होतात. एखादं पान जास्त झालं, तर त्या एका पानासाठी नवा कागद लावावा लागतो आणि बाकीची पानं कोरी जातात. थोरल्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. म्हणून तर मधलीला जास्त चीड आली.

“बसत नव्हतं तर स्मिथच्या आईबद्दलचा मजकूर काढायचा. नाहीतर तुझी ती प्रकाशकाची प्रस्तावना. स्वतःचीच आरती लिहिलीयस दोन पानं.”

“प्रस्तावना लोक वाचतात.”

“तू वाचतोस!”

“काय गाळलं?” अप्पांनी विचारलं. त्यांना कमी ऐकू यायचं, आणि ऐकू आलं नाही की ते समोरच्यालाच ओरडून विचारायचे. “कोणाचं काय गाळलं?”

“रिकार्डोचं शेवटचं पान, अप्पा!” मधली त्यांच्या कानाशी ओरडली. “मशीनचं!”

अप्पांनी टेबलावर असा हात मारला, की पेन घरंगळत जाऊन टाचणीच्या मांडीवर पडलं.

“त्या पानासाठी तर मी ते प्रकरण लिहिलं!”

आता तुम्हाला ते पान सांगायला हवं. डेव्हिड रिकार्डो हा शेअरबाजारात श्रीमंत झालेला माणूस. सुट्टीवर असताना स्मिथचं पुस्तक त्याच्या हाती पडलं आणि तो या विषयाच्या नादी लागला. मशीनबद्दल त्याचं मत सुरुवातीला साधं होतं: मशीन आलं की वस्तू स्वस्त होतात, त्यात सगळ्यांचंच भलं, ज्यांचं काम जातं त्यांना दुसरं मिळतं. पुढे स्वतःच्या पुस्तकाची तिसरी आवृत्ती काढताना त्याने एक नवं प्रकरण घातलं आणि त्यात चक्क लिहिलं, की माझं चुकलं होतं. मशीनमुळे मालकाची मिळकत वाढत असतानाच कामगाराचं नुकसान होऊ शकतं, आणि कामगारांना मशीनची जी धास्ती वाटते ती काही अडाणीपणातून आलेली नाही. त्याला मानणाऱ्यांतला एक जण यावर भडकला. आपल्याच गुरूने आपल्या बाजूची वीट काढली, असं त्याला झालं. पण रिकार्डोने शब्द मागे घेतला नाही. अप्पा वर्गात हे सांगताना खडू खाली ठेवायचे. एवढा मोठा माणूस, त्याला कोणी भाग पाडलं नव्हतं, आणि तरी त्याने सगळ्यांसमोर ‘चुकलं’ म्हटलं.

“तो तिथेच थांबत नाही, अप्पा,” थोरला म्हणाला. “पुढे असंही म्हणतो, की मशीन अडवू नका. अडवलंत तर भांडवल उठून दुसऱ्या देशात जाईल. ते कोणी सांगत नाही.”

“मी सांगितलंय! त्याच पानावर, खालच्या बाजूला! जे तू कापलंस!”

तुम्ही थोरल्याला लबाड म्हणाल, पण त्याचं डोकं काय म्हणत होतं तेही ऐका. हातातली कामं गेले दोन हंगाम दुसऱ्या छापखान्यांकडे चालली होती. त्यांच्याकडे घडी आणि शिवण एकत्र करणारं मशीन होतं आणि पुस्तकं चटकन तयार व्हायची. मशीन घेतलं नाही, तर बाइंडिंग जाईल आणि त्याच्या मागोमाग छापखानाही. मशीन ठरलं होतं. सुट्टीनंतर येणार होतं. पण परवा सकाळी प्रुफं चाळताना तो त्या पानावर आला आणि त्याच्या डोळ्यांपुढे खालचं लांब टेबल उभं राहिलं. बायका घड्या घालताना वाचायच्या. एकजण मोठ्याने वाचायची, बाकीच्या ऐकायच्या. अप्पांच्या पुस्तकाच्या प्रत्येक आवृत्तीला हसत आल्या होत्या, भांडत आल्या होत्या. हे पान त्यांच्याच हातांखालून जाणार, आणि तेही याच महिन्यात. त्याने पेन घेतलं आणि पानावर काट मारली. मग बराच वेळ त्याला हलकं वाटलं. आता वाटत नव्हतं.

“खरं कारण सांग,” मधली म्हणाली.

“सांगितलं की. फर्मा.”

“फर्म्याचं मला शिकवू नकोस. मीही याच घरात कागद मोजत मोठी झालेय.”

“मग ऐक!” थोरला उभाच राहिला. “मशीन येतंय. घडीचं आणि शिवणीचं. बाइंडिंगची खोली रिकामी करावी लागणार आहे. झालं समाधान, मास्तरीणबाई? तू कॉलेजात जाऊन केन्सवर बोलतेस, टाळ्या घेतेस, महिना संपला की तुझा पगार जागेवर असतो. हा डोलारा कोण उचलून धरतंय? हे तुझं पुस्तक तरी कोण छापतंय?”

“म्हणून तू पान कापलंस. बायकांनी वाचू नये म्हणून.”

“हो. म्हणून.”

मधली धाकट्याकडे वळली. लहानपणापासून थोरल्याशी भांडताना तिने एक हात मागे करायचा आणि त्या हातात धाकट्याचा हात यायचा, अशीच सवय होती. “ऐकतोयस ना? तुझं बाइंडिंग बंद करतोय हा. तुझ्या बायका घरी बसवतोय. बोल काहीतरी!”

धाकटा नखाखालची सुकलेली खळ काढत होता.

“धाकट्या?”

“ताई, तू बस आधी.”

“म्हणजे? तुला माहीत होतं?”

त्याने मान हलवली नाही. पण नाहीही म्हणाला नाही.

धाकट्याला त्या क्षणी आठवत होतं ते असं: दादाने त्याला यंत्राच्या मागे नेलं होतं, आवाजात कोणाला ऐकू जाणार नाही अशा जागी, आणि म्हणाला होता, “तू मशीनवर राहशील. तुझं काही जाणार नाही.” आणि त्याने, काही विचारायच्या आधी, ‘बरं’ म्हटलं होतं. इतक्या चटकन, की दादालाच आश्चर्य वाटलं. त्या दिवसापासून तो खाली बायकांशी जास्तच थट्टा करायचा. एकीने विचारलंही होतं, “भाऊ, आज काय लॉटरी लागली?”

“लाज वाटत नाही?” मधलीचा आवाज फाटला. “त्यांनी तुला कडेवर घेतलंय!”

“वाटते. म्हणून काय करू? मशीन परत पाठवू? दादा चूक नाहीये, ताई. मी काय बोलणार होतो?”

“मशीन वाईट नाही,” अप्पा मध्येच गरजले. त्यांना अर्धंच ऐकू आलं होतं, पण ते अर्धं नेमकं होतं. “मी कधी म्हटलं मशीन वाईट? पान कापणं वाईट! रिकार्डो आणि माल्थस जन्मभर एकमेकांशी भांडले, पण एकाने दुसऱ्याचं पत्र फाडल्याचं ऐकलंय का कधी? मैत्री शेवटपर्यंत टिकली. आणि तुम्ही एका आईची पोरं!”

टेबलाच्या टोकाला टाचणी बसली होती. मांडीवर पडलेलं पेन तिने अजून उचललं नव्हतं. तिच्यासमोर रिकार्डोच्या प्रकरणाचं पहिलं पान होतं आणि त्याच्या डोक्यावर तिच्याच अक्षरात ‘समजलं’ लिहिलेलं होतं. शेवटच्या अक्षरावरचा ठिपका जरा मोठाच झाला होता, कारण लिहिताना ती खूश होती.

परवाच मोठ्या काकांनी तिला हे प्रकरण वाचून दाखवलं होतं. तिने कागद उलटा ठेवला आणि घडाघडा सांगितलं. उदाहरणही स्वतःचं दिलं, कारण स्वतःचं उदाहरण दिलं की आजोबा जास्त खूश होतात. ती म्हणाली होती, “म्हणजे समजा, आपल्या बाइंडिंगच्या मावश्यांच्या जागी मशीन आलं, तर पुस्तकं स्वस्त होतील आणि मावश्यांना दुसरीकडे काम मिळेल. म्हणजे सगळ्यांचंच बरं होईल.” तेव्हा काकांनी तिच्याकडे जरा वेगळंच पाहिलं होतं आणि म्हणाले होते, “अगदी बरोबर. लिही.”

आता तिला ते पाहणं कळलं. तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या.

“मोठे काका,” ती म्हणाली, “तुम्ही मला अर्धंच वाचून दाखवलंत.”

“बाळा, मोठ्यांचं बोलणं चाललंय.”

“मी समजलं असं लिहिलं. माझ्या हाताने. ते प्रकरण आता सगळ्यांच्या पुस्तकात जाणार, आणि मला तर समजलंच नव्हतं! मावश्यांचं उदाहरण मीच दिलं, तुम्ही ‘बरोबर’ म्हणालात!”

धाकट्याने मुलीकडे पाहिलं आणि लगेच खिडकीकडे पाहिलं.

“तू हे उदाहरण दिलंस?” मधलीने विचारलं.

“हो. आणि बाबा, तुम्ही तेव्हा दारात उभे होता.”

धाकटा खरंच उभा होता.

“झालं, हिलाही तुम्ही यात ओढलंत,” मधली थोरल्याला म्हणाली. “दहा वर्षांच्या पोरीच्या हातून सही घेतलीस. आता ते पान परत घाल. आत्ता, माझ्यासमोर. नाहीतर माझं केन्सचं प्रकरण काढून घेते, छाप मग तुझी प्रस्तावना एकटी!”

“घाल!” अप्पा म्हणाले. “आणि स्मिथच्या आईला जरा आखूड कर. तिला राग येणार नाही.”

थोरल्याने दोन्ही हातांनी तोंड पुसलं. तो दमला होता. आणि खरं सांगायचं तर पकडला गेल्याने त्याला थोडं मोकळंही वाटत होतं. “ठीक आहे. घालतो. पान घालतो. पण मशीन येणार, त्यावर चर्चा नाही.”

“मशीनबद्दल मी कुठे काय म्हणतेय?” मधली म्हणाली. “पान हवंय मला.”

बघा, राग कसा उतरतो. हवं ते मिळालं की उतरतो. मधलीने खुर्ची पुढे ओढली. कपाटातून जुनी आवृत्ती काढली, रिकार्डोचं शेवटचं पान उघडलं, कुठल्या ओळी आखूड करता येतील ते पेन्सिलीने दाखवू लागली. थोरला तिच्या खांद्यावरून वाकून बघत होता. “हे वाक्य दोनदा आलंय,” तो म्हणाला, आणि ती म्हणाली, “हो, काढ.” अप्पांनी चष्मा पुसला. जरा वेळापूर्वी एकमेकांचे गळे धरणारी ही माणसं एका पानावर डोकी जुळवून बसली होती, आणि टाचणी त्यांच्याकडे बघत होती.

“मावश्यांना माहितेय?” तिने विचारलं.

“काय?”

“मशीनचं.”

“सांगू की,” थोरला म्हणाला. “वेळ आली की सांगू.”

“कधी?”

“आधी हे पुस्तक हातावेगळं होऊ दे. आत्ता सांगितलं तर कामावर परिणाम होतो.”

“म्हणजे त्यांच्याकडून घड्या घालून घ्यायच्या, मग सांगायचं?”

“टाचणे,” धाकटा हळूच म्हणाला, “हे खाली बोलायचं नाही. कळलं?”

ती आत्याकडे वळली. आत्या तिची होती. आत्या कुणालाही भीत नसे. “आत्या, तू सांग ना ह्यांना.”

मधलीने पेन्सिल थांबवली. तिच्या मनात काय आलं? तिच्या मनात आलं, की पान परत मिळालंय. आत्ता पुन्हा ताणलं तर दादा उठून जाईल आणि पुस्तक सुट्टीपलीकडे ढकललं जाईल. बायकांचं बघता येईल नंतर. दादाशी एकदा शांतपणे बोलता येईल. “बाबा म्हणतो ते बरोबर आहे, राणी,” ती म्हणाली. “आत्ता नको. आधी आपलं आपल्यात ठरू दे.”

“तुझं ठरलंय की! तुला पान मिळालं!”

“टाचणी!”

“इतका वेळ तुम्ही सगळे पानावरूनच भांडताय. मला वाटलं मावश्यांवरून भांडताय.”

मधलीचा चेहरा उतरला. मग राग आला तिला, तोही पोरीचा. आपल्याला हे दहा वर्षांच्या पोरीने म्हणावं याचा.

“फार बोलायला लागलीय ही,” ती धाकट्याला म्हणाली.

“काय म्हणाली पोरगी?” अप्पांनी विचारलं. कोणीच त्यांच्या कानाशी ओरडलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं, मग टाचणीच्या तोंडाकडे पाहिलं, आणि कदाचित तिथून त्यांना थोडंफार कळलं असावं. पण आपण असेपर्यंत पुस्तक हातात येईल की नाही याची त्यांना या वर्षी धास्ती होती. तेही प्रुफाकडे वळले.

तासाभराने पान बसलं. स्मिथची आई एका वाक्यात उरली. थोरल्याने ‘समजलं’ लिहिलेलं जुनं प्रूफ बाजूला सारलं आणि नवं पान टाचणीपुढे ठेवलं. आता त्याचा आवाज मऊ होता. “चल, रीत पुरी करू. आत्या वाचेल, तू सांग, आणि लिही. मग यंत्र सुरू करायला सांगतो.”

मधलीने वाचलं. छान वाचलं. रिकार्डोने आपलं मत का बदललं, कामगारांची धास्ती खरी का असू शकते, आणि तरीही मशीन अडवणं त्याला का पटत नव्हतं, सगळं. टाचणी हलली नाही. वाचून झाल्यावर तिने कागद उलटा ठेवला.

“समजलं?” अप्पांनी विचारलं.

“समजलं.”

“मग सांग.”

“सांगते,” टाचणी म्हणाली. “इथे नाही.”

तिने पेन टेबलावर ठेवलं. पानाच्या डोक्यावर काही लिहिलं नाही. खुर्ची मागे सरकवली आणि दाराकडे निघाली. थोरला म्हणाला, “ए, कुठे?” मधली अर्धवट उठली. धाकटा दाराच्या सगळ्यांत जवळ होता, हात लांब केला असता तर ती त्याच्या हातात आली असती. “मी सांगतो त्यांना, बाळा,” तो म्हणाला. “मी सांगेन.”

“मग चला,” ती म्हणाली आणि क्षणभर खरंच थांबली.

तो उठला नाही.

जिन्यावर तिची पावलं वाजली, मग खालचं दार. बाइंडिंगच्या खोलीत लांब टेबलाच्या दोन्ही बाजूंना बायका बसल्या होत्या, घडी दाबायच्या पट्ट्या कागदांवरून सरसर फिरत होत्या. कोणीतरी कोणाच्या जावेची नक्कल करत होतं आणि बाकीच्या हसत होत्या. टाचणी कोऱ्या कागदाच्या थप्पीवर चढली. त्या थप्पीवर पाय ठेवायला तिला सक्त मनाई होती. सगळ्यात वयस्कर मावशी ओरडली, “अगं उतर, काका बघतील!”

“बघू देत,” टाचणी म्हणाली. “मावशी, पट्ट्या खाली ठेवा सगळ्यांनी. सुट्टीनंतर या खोलीत मशीन येणार आहे. वर सगळ्यांना माहितेय.”